आवाजाचा सांगावा

माझ्या सासऱ्यांना फटाक्याची भीती वाटते, हे वाक्य मांडवखेडात कुणी मोठ्यानं बोलत नाही. बोलायची गरजच नसते. साताऱ्याच्या पूर्वेला, तीन बाजूंनी डोंगर असलेलं ते गाव. घरटी एक माणूस फौजेत गेलेला आणि परत आलेल्यांपैकी बरेच जण माझ्या सासऱ्यांसारखेच. म्हणून दिवाळीत तिथं भुईनळे उडतात, फुलबाज्या पेटतात, पण बॉम्ब वाजत नाही. बाहेरगावची वरात आली की वेशीवर एक माणूस उभा असतो. तो नवरदेवाच्या मित्रांच्या खिशातले सुतळी बॉम्ब काढून घेतो आणि निघताना ज्याचे त्याला परत करतो. माझ्या लग्नातही माझ्या चुलतभावाची अशीच झडती झाली होती. त्याला अजून त्याचा राग आहे.

विहिरीला सुरुंग लावायचा तर मात्र इलाज नसतो. मग आधी एक जण दारोदार फिरतो. "अण्णा, दुपारच्याला सुरुंग हाय." एवढंच सांगून पुढच्या दाराला. ह्याला गावात सांगावा म्हणतात. सांगावा मिळालेला सुरुंग अण्णा, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून, हातात चहाचा कप धरून ऐकतात, आणि चहा सांडत नाही. न सांगता कुणाच्या ट्रॅक्टरचं टायर फुटलं तर मात्र ते कुठं सापडतील याचा नेम नाही. एकदा मला ते गोठ्यात, गव्हाणीखाली सापडले. आवाजापेक्षा जावयानं पाहिलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं असावं, कारण दोन दिवस ते माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलत होते.

सुभेदार हैबतराव साळुंखे, तोफखाना. कारगिलला तोफेवर होते, डावा कान तिथंच ठेवून आले. एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, तुम्हाला धड ऐकूच येत नाही, मग आवाजाचा त्रास कसा होतो?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. "ह्यो कानानं न्हाय ऐकू येत, तेजसराव. हितं ऐकू येतोय."

मी पुण्यात दातांचा डॉक्टर आहे. मला हे लगेच पटलं. माणसं दुखण्याला जितकी घाबरत नाहीत तितकी यंत्राच्या आवाजाला घाबरतात, आणि "आता आवाज होईल हं" असं आधी सांगितलं की निम्मी भीती जाते. आमच्या कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि नशिबाची गंमत बघा, अशा माणसाची मुलगी, म्हणजे माझी बायको ऋतुजा, आवाजाच्या पुढं पळणाऱ्या विमानाच्या कामावर.

दोन हजार त्रेचाळीस साल. 'क्षिप्रा' नावाचं प्रवासी विमान तयार झालं होतं. "तासाभरात चेन्नई" असे फलक पुण्यामुंबईच्या चौकाचौकांत लागले होते. वस्तीवरून इतक्या वेगानं उडायला परवानगी मिळणार होती, पण एका अटीवर: जमिनीवर आवाज किती होईल हे आधी सिद्ध करून दाखवायचं. ते सिद्ध करायचं काम ऋतुजाच्या गटाकडे होतं आणि अहवालावर सही तिची.

लोकांचा समज असतो की विमानानं आवाजाचा वेग ओलांडला की एकदाच धडाम होतं आणि काम संपतं. माझाही होता, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ऋतुजानं तो काढून टाकला. एरवी विमान येतंय ही खबर आवाजाच्याच वेगानं पुढं जाते आणि हवा बाजूला सरते. विमान त्या खबरीच्याही पुढं पळायला लागलं की हवेला कळायच्या आत ते अंगावर येतं. दाबाच्या लाटा एकावर एक चढतात आणि त्यांची कागदासारखी पातळ भिंत होते. विमान त्या वेगात असेपर्यंत ही भिंत त्याच्या मागून जमिनीवरून ओढली जाते, वाटेतल्या प्रत्येक अंगणातून. आणि जिथं विमान वेग वाढवत असतं तिथं तर आणखी पंचाईत. आधी निघालेल्या आणि मागाहून निघालेल्या लाटा एकाच वेळी एकाच पट्ट्यात येऊन पोचतात. तिथं आवाज दुप्पट, तिप्पट.

"म्हणजे विमान सांगाव्याच्या पुढं पळतं," मी म्हणालो होतो.

"हो. आणि आम्ही मागून सांगावा पाठवायला बसलोय," ती म्हणाली.

पण संगणकाला अख्खं आकाश एकदम समजत नाही. त्याला आकाशाचे तुकडे करून द्यावे लागतात, एखादी जाळी पसरावी तसे. भिंत कागदाएवढी पातळ आणि आकाश कोसाकोसानं मोजायचं. सगळीकडं बारीक जाळी विणायची म्हटली तर देशातले सगळे संगणक आपल्या नातवंडांपर्यंत तेच करत बसतील. म्हणून पूर्वी विमानाजवळचा हिशोब बारीक करायचे आणि तिथून जमिनीपर्यंत ठोकताळा. ऋतुजाच्या गटानं तो ठोकताळा काढून टाकला. विमानाच्या नाकापासून अंगणातल्या वाळत घातलेल्या धोतरापर्यंत एकच जाळी, आणि कुठं बारीक व्हायचं ते तिचं तीच ठरवते.

कशावरून ठरवते? तर तुम्ही काय विचारलं त्यावरून. हिशोब उलटा चालतो: कानापासून सुरू करायचा आणि मागं मागं विमानाकडं जायचं. आकाशातल्या कुठल्या तुकड्यात चूक झाली तर या कानाला फरक पडेल? तिथं जाळी बारीक. जिथं फरक पडणार नाही तिथं जाड ठेवायची, वेळ वाचवायचा.

"म्हणजे तांदूळ निवडणाऱ्या बाईला खडे शोध म्हटलं की ती फक्त खडेच शोधणार," मी.

"बाईच का? तुझ्यापुढं ताट ठेवलं तर तू खडेही शोधणार नाहीस," ऋतुजा.

ऋतुजाच्या कंपनीनं जाळीला विचारलेला प्रश्न होता: मार्गावरच्या लोकांना दरडोई सरासरी किती आवाज? उत्तर फार छान आलं. शेजारच्या गल्लीत गाडीचं दार लागावं तेवढा. ऋतुजानं तिथल्या तिथं अण्णांना फोन लावला. "अण्णा, विमान आपल्या डोक्यावरूनच जाणार आहे. पण तुम्हाला कळणारसुद्धा नाही. माझा शब्द."

अण्णांचा तिच्या शब्दावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी लगेच गावभर सांगून टाकलं.

त्यानंतरच्या एका रविवारी, अहवालाची छपाई तेवढी बाकी असताना, तिनं सहज गंमत म्हणून जाळीला वेगळा प्रश्न घातला: मांडवखेडातल्या साळुंख्यांच्या ओट्यावर, हिवाळ्यातल्या सकाळी, किती? मी पोहे करत होतो. आतून काही आवाज येईना म्हणून डोकावलो तर बाईसाहेब पडद्याकडं बघत उभ्या. जाळी विमानाच्या पोटापाशी बारीक व्हायची सोडून तिसरीकडंच गेली होती. विमान वेग वाढवतं त्या टप्प्यावर, गावावर सकाळी साचून राहणाऱ्या थंड हवेच्या थरात आणि गावामागच्या वाटोळ्या डोंगरउतारावर. लाटा तिथं आपटून पुन्हा गावात उतरत होत्या.

"किती?" मी विचारलं.

"दारात सुतळी बॉम्ब लावावा तेवढा," ती म्हणाली. "न सांगता." पोहे मी एकट्यानंच खाल्ले.

सोमवारी तिनं उपाय काढला. वेग वाढवायचा टप्पा थोडा पुढं सरकवला. अण्णांचा ओटा शांत झाला, सरासरी आणखी सुधारली आणि आवाजाचा नकाशा हिरवागार झाला. तिच्या वरिष्ठ, डॉ. मेहेंदळे मॅडम, खूश झाल्या. आम्ही सातारी कंदी पेढे घेऊन मांडवखेडाला निघालो. साताऱ्यातच पेढे घेऊन साताऱ्याच्या माणसाला द्यायचे म्हणजे तसं कौतुक नाही, पण आनंद होता.

ओट्यावर बसून ऋतुजानं अण्णांना सगळं समजावलं. जाळी, उलटा हिशोब, सगळं. अण्णा उजवा कान पुढं करून ऐकत होते. पेढा हातातच होता.

"मंजी माझ्या ओट्यावरला आवाज तू काढलास."

"हो अण्णा."

"मग त्यो गेला कुठं?"

"कुठं म्हणजे... पुढं सरकला. डोंगरापलीकडं."

"तिकडं पिसाईवाडी हाय."

ऋतुजानं नकाशा उघडून दाखवला. "चार-सहा घरंच आहेत अण्णा तिथं. आणि बघा ना, हिरवंच आहे. तिथंही आवाज नाही."

"माझ्या ओट्याचं जसं तू यंत्राला इचारलंस, तसं त्यांच्या अंगणाचं इचारलंस का?"

ऋतुजानं नकाशावरचं बोट काढून घेतलं.

"चार घरं म्हंजी मानसं न्हाईत व्हय गं?" अण्णा हळू म्हणाले. "आमच्या टायमाला नकाशावर गोळा कुठं पडला ते कळायचं. कुनावर पडला ते कळायचं न्हाय. तू तर इचारू शकतीस." त्यांनी पेढा परत खोक्यात ठेवला. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. पोरगी एवढी धावपळ करून आली, एक पेढा खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?

परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट उतरताना तिनं नकाशा पुन्हा उघडला. मग म्हणाली, "जाळी जाड असली की काय होतं माहितीये? ती पातळ भिंत तिच्या भोकांत पसरते. धारच राहत नाही तिला. आवाज मवाळ दिसतो, पण खोटा मवाळ."

"म्हणजे?"

"म्हणजे नकाशावर जिथं शांतता दिसते तिथं आवाज नाही असं नव्हे रे. तिथलं कुणी विचारलंच नाही."

घरी येताच तिनं पिसाईवाडीचं विचारलं. अण्णांच्या ओट्यावर होता त्याहून मोठा आवाज तिथं निघाला.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात म्हणाली, मी सही करणार नाही. गावामागून गाव विचारत बसण्यात अर्थ नाही, एकाकडचा आवाज काढला की तो दुसऱ्याकडं जातो. प्रश्नच बदलायला हवा. सरासरी नको; जिथं सगळ्यात मोठा असेल तिथं किती, हे विचारा आणि तो कमी करणारी वाट शोधा. मॅडम म्हणाल्या, नियमात सरासरीच लिहिली आहे, आपण नियमाच्या आत आहोत. असा प्रश्न घातला तर जाळीला सगळीकडं बघावं लागेल, हिशोबाची सगळी यंत्रं त्यालाच लागतील, आणि जानेवारीत चाचणीचं उड्डाण ठरलंय. सोमवारपर्यंत सही कर, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल.

आता माझ्या शहाणपणाचं सांगतो. मी म्हणालो, "अण्णांचा प्रश्न तर सुटलाय ना? मग करून टाक सही."

"हे अण्णांना फोन करून सांगशील?" ऋतुजा म्हणाली. फोन माझ्यापुढं सरकवला आणि भांडी आवरायला उठली. मी फोन उचलला नाही. मला स्वतःची लाज वाटली आणि ती वाटल्याचं कबूल करायचीही लाज वाटली. त्या आठवड्यात आमच्या घरात चमचे-वाट्या सोडून कुणी बोललं नाही.

शनिवारी दवाखान्यात कोण यावं? मेहेंदळे मॅडम. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. माझ्या जुन्याच पेशंट त्या. खालची दाढ किडून मुळापर्यंत गेली होती. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "ऋतुजाला जरा समजवा, डॉक्टर. हुशार मुलगी आहे, हट्टानं नोकरी घालवेल."

मी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. "आता आवाज होईल, मॅडम. दुखणार नाही. नको वाटलं तर हात वर करा." यंत्र सुरू केलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण हलल्या नाहीत. मध्ये थांबलो तेव्हा अडखळत म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगता ते फार बरं करता. आधीचे डॉक्टर सांगायचेच नाहीत."

आता माझ्या हातात यंत्र आणि त्यांचं तोंड उघडं. एवढी संधी नवऱ्यांना क्वचित मिळते.

"मॅडम, तुमचे दात एकूण बत्तीस. दुखतोय एक. दरदाती सरासरी काढली तर तुम्हाला काही झालेलंच नाही. मी बिल न करता घरी पाठवायला हवं होतं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. बधिर गालामुळं हसू एकाच बाजूनं आलं. बोलता येत नव्हतं, आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. दाढ भरून झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, पर्स घेतली आणि दारात थांबून म्हणाल्या, "हे उदाहरण ऋतुजानं शिकवलं का?"

"नाही हो. तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय."

सोमवारी ऋतुजाला हिशोबाची यंत्रं मिळाली. सगळी. घरी आल्यावर तिनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "तू मॅडमच्या तोंडात काय घातलंस?" मी सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिलो. चहा गार झाला.

जाळीनं यावेळी कुठल्याच अंगणाला मोकळं सोडलं नाही. डोंगर, दऱ्या, धुक्याचे थर, सगळीकडं ती हुंगत फिरली. आणि तिला जे सापडलं ते मेहेंदळे मॅडमनाही अपेक्षित नव्हतं. वेग कुठं वाढवायचा हा प्रश्न नव्हताच मुळी. कसा वाढवायचा, हा होता. घाईनं वाढवला की लाटा एका पट्ट्यात गोळा होतात. सावकाश, चढत चढत वाढवला की त्या पसरतात आणि कुणा एकाच्या अंगावर पडत नाहीत. आवाज सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो. चेन्नईला पोचायला सात-आठ मिनिटं जास्त लागणार होती. जाहिरातवाले आधी रडले. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला की "तासाभरात येतो" म्हणून सांगणारा पुणेकर कधी येतो ते सगळ्यांना माहीत आहे, फलक बदलायची गरज नाही. मॅडमनी अहवालावर ऋतुजाच्या सहीशेजारी आपलीही सही केली, आणि नियमातला तो सरासरीचा शब्द बदला म्हणून सरकारला लिहिलं.

ऋतुजानं अण्णांना फोन केला. यावेळी शब्द वगैरे दिला नाही. "अण्णा, आवाज होणार. थोडा, पण होणार. पलीकडच्या खोलीत कुणी धान्याचं पोतं खाली ठेवावं तेवढा."

"सगळ्यात मोठा कुनाकडं?"

"अजूनही पिसाईवाडीतच. पण मर्यादेच्या खूप आत."

"बरं," अण्णा म्हणाले. "मग मी तिथं जाऊन बसतो."

"अण्णा, आपल्याकडं त्याहून कमी आहे. तुम्ही घरीच..."

"आगं, सुरुंगाचा सांगावा काय फोनवर देत्यात व्हय? त्याला मानूस जावा लागतोय."

चाचणीच्या दिवशी ऋतुजा मुंबईला नियंत्रण कक्षात होती. मी दवाखाना बंद ठेवून अण्णांना गाडीत घातलं आणि डोंगराला वळसा घालून पिसाईवाडीला नेलं. वाटेत माझ्या मनात एकच चाललं होतं. ऋतुजाची जाळी एवढीशी जरी चुकली असेल तर? पंच्याहत्तरीचा माणूस, गव्हाणीही जवळ नाही.

अण्णा प्रत्येक दारात गेले. फेटा, कोट, छातीवर पदकं. "सकाळच्याला वरनं इमान जानार हाय. आवाज यील, भ्यायचं न्हाय." एका दारात बाई बाळाला अंघोळ घालत होती, तिला दोनदा सांगितलं. शेवटचं घर बिरूआजी कोकरे नावाच्या म्हातारीचं. तिनं आम्हाला घोंगडी अंथरून दिली आणि शेंगा फोडत समोर बसली. तिची शेळी व्यायला झाली होती. ती खुंट्याला बांधली होती. ऋतुजाच्या माणसांनी तिथंच अंगणात आवाज मोजायचं यंत्र लावून ठेवलं होतं.

फोन वाजला. "निघालंय," ऋतुजा म्हणाली. "आता तुमच्याकडं येतंय. तेजस, अण्णांजवळ बस."

मी सरकून बसलो. अण्णांनी माझं मनगट धरलं. तोफखान्यातल्या माणसाची पकड काय असते ते मला त्या दिवशी कळलं. आकाशात काहीच दिसत नव्हतं. शेळी रवंथ करत होती. अण्णांचे डोळे उघडे होते, ओठ घट्ट मिटलेले.

आणि मग आला. धप-धप. पलीकडच्या खोलीत दोन पोती पाठोपाठ खाली ठेवावीत तसा. अण्णांची बोटं माझ्या मनगटात रुतली, आणि सैल झाली. शेळीनं एक कान हलवला.

बिरूआजी शेंगा फोडतच होती. "सुभेदार," ती म्हणाली, "कवा यायचं हाय ते तुमचं इमान? मला रानात जायाचंय."

"गेलं की आक्का," अण्णा म्हणाले. म्हणाले आणि हसायला लागले. मी लग्नाला पंधरा वर्षं झालेला जावई, पण अण्णांना असं पोट धरून हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजीलाही काही न कळता हसू आलं. तिनं ओंजळभर शेंगा त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि ते त्या एकामागून एक खात सुटले.

फोन तसाच चालू होता. पलीकडं नियंत्रण कक्षात टाळ्या वाजत होत्या, यंत्राचे आकडे पोचले असणार. पण ऋतुजा आकड्यांचं काही बोलली नाही. "अण्णा?" तिनं विचारलं. "अण्णा, बोला ना. कसा होता?"

अण्णांनी फोन उजव्या कानाला लावला.

"आला, पोरी," ते म्हणाले. "पर सांगून आला."